एक्केचाळीस नंबरचं तण

"मामा, या हौदात काय आहे? नुसतीच पाटी दिसते."

विचारणारी मुलगी पहिल्या वर्षाची होती. वही पोटाशी धरून ती सिमेंटच्या हौदात डोकावत होती.

"टारफुला. सुट्टीवर गेलाय," मामा म्हणाले.

मुलं हसली. दर वर्षी नव्या तुकडीला मामा हेच उत्तर देत आणि दर वर्षी मुलं हसत. मामा मात्र त्या पाटीपाशी फार वेळ थांबत नसत.

कृषी महाविद्यालयाच्या मागच्या कुंपणालगत त्यांची बाग होती, तणांची. शेतकरी जे उपटून बांधावर भिरकावतात ते मामा इथे वाफे करून, पाणी घालून, पाटी लावून वाढवत. शत्रू तोंडओळखीचा असलेला बरा, म्हणून विद्यार्थ्यांना दाखवायला. केना, लव्हाळा, आघाडा, गाजरगवत, काटेमाठ अशी चाळीस तणं तिथे सुखाने नांदत होती. वाफ्यात चुकून एखादं टोमॅटोचं रोप उगवलं तर मामा ते उपटून टाकत. सत्तावीस वर्षं हीच नोकरी. मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळे त्यांना तणमामा म्हणत.

त्यांच्या बायकोला हे नाव मुळीच आवडत नसे. "जगाचे नवरे तण उपटतात, माझा त्याला न्हाऊमाखू घालतो," असं ती शेजारणींना सांगे, पण त्यात नुसती थट्टा नव्हती. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, घरापासून बाग वीस मिनिटांवर, तरी तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या वडिलांनी टारफुल्यापायी शेत सोडलं होतं. चार हंगाम ज्वारी जळाली, मग त्यांनी अवजारं विकली आणि शहरात एका गोदामावर राखणदार म्हणून राहिले. नातवंडांनाही शेताबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही.

आणि नेमका तोच टारफुला मामांकडे उगवत नव्हता. मामांनी काय नाही केलं? हौदात ज्वारी पेरली, कारण हे तण ज्वारीच्या मुळांवर जगतं. बी तर धुळीसारखं बारीक. ते वाळूत मिसळून पेरलं. ज्वारी डोक्याएवढी वाढे, कणसं लवत, आणि टारफुल्याचा पत्ता नसे. आधीचे प्राध्यापक म्हणत, "येत नाही तर जाऊ दे हो, चित्र दाखवू." पण शेतात न बोलावता येणारा पाहुणा इथे पायघड्या घालूनही का येत नाही, हे कोडं मामांना स्वस्थ बसू देईना. या हंगामानंतर ते निवृत्त होणार होते.

त्या संध्याकाळी बायको भाजी निवडत बसली होती. मामांनी मनाचा हिय्या केला.

"तुझ्या वडिलांचं शेत कसं होतं गं?"

तिचे हात थांबले. "आज हे कुठून काढलंत?"

"उगीच. जमीन कशी होती?"

"कशी असणार? माळरान. मुरूम नि खडे. शेणखताची पाटी त्या जमिनीने कधी पाहिली नाही. गुरं होती कुठे आमच्याकडे?" ती पुन्हा निवडू लागली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वर काही दिसायच्या आधीच ज्वारी मान टाकायची. जमीन ओली असली तरी. आई म्हणायची, खाली कुणीतरी जेवतंय."

मामांना रात्रभर ते वाक्य सोडेना, आणि ती खत न पाहिलेली जमीनही. सकाळी कुलूप उघडायच्या आधीच ते मॅडमच्या खोलीच्या दाराशी उभे होते. या मॅडम दोन वर्षांपूर्वी आधीच्या प्राध्यापकांच्या जागी आलेल्या, वयाने मामांच्या लेकीएवढ्या, पण प्रश्नाला उत्तर देणाऱ्या.

"मॅडम, माझ्या हौदात खत फार होतंय का?"

मॅडम किल्ली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "किती घालता?"

"जीव लावतो तेवढं. दर हंगामाला चार पाट्या."

"अहो मामा!" त्या खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. "उपाशी ज्वारीची मुळं जमिनीत एक रस सोडतात. एक बुरशी असते, ती मुळांना अन्न मिळवून देते. तिला बोलावायला ही हाक. टारफुल्याचं बी ती हाक चोरून ऐकतं आणि रुजतं. तुमची ज्वारी पोटभर जेवलेली. ती कशाला हाक मारील?"

मामा आ वासून ऐकत राहिले. सत्तावीस वर्षं ते टारफुल्याला बोलवत होते, आणि बोलवायचं होतं ज्वारीने.

त्यांनी हौद तळापर्यंत रिकामा केला. बांधकामावर पडलेला मुरूम घमेल्याने वाहून आणला. त्यात बी मिसळलं, पंधरा दिवस नुसता ओलावा ठेवला आणि मग ज्वारी टोकली. खत मात्र चिमूटभरही नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. पानं पिवळी पडू लागली तेव्हा मामा हौदाकडे पाठ करून दुसऱ्या वाफ्यांना पाणी घालत. घरी जेवताना एकदा त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. ज्वारीला उपाशी ठेवलंय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

ज्वारीने मान टाकली. आणि अडतिसाव्या दिवशी खोडापाशी एक हिरवा कोंब दिसला, काडेपेटीतल्या काडीएवढा. मामा गुडघ्यांवर बसले. तास गेला की काय, त्यांनाच कळलं नाही. पुढच्या महिन्यात अकरा कोंब आले, त्यांना फिकट गुलाबी फुलं लागली. मॅडमनी चारही वर्षांच्या मुलांना आणून दाखवलं. मग म्हणाल्या, "मामा, आता बी धरायच्या आत काढायला हवं. एकेका झाडाला हजारो बिया. परवापर्यंत उपटून जाळू."

"होय. ते तर आलंच," मामा म्हणाले.

त्या दिवशी घरी त्यांनी चपला काढता काढता सांगितलं, "टारफुला आलाय. उद्या उपटायचाय."

बायकोने पानं वाढायला घेतली. दुसऱ्या दिवशी मात्र मामा घमेलं घेऊन हौदापाशी पोचले, तर ती फाटकातून आत येत होती, पदर खोचलेला. ती हौदाच्या काठाशी उभी राहिली.

"एवढंसंच असतं हे?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या कमरेएवढं होतं."

"तेव्हा तुझी कंबर कुठे होती?"

ती हसली नाही. "एकदा याचीच फुलं तोडून घरी नेली होती मी. छान दिसतात म्हणून. बापाने हातातून घेतली नि चुलीत घातली. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसताच बसून राहिला." तिने वाकून एक झाड बुडाशी चिमटीत धरलं, किंचित पिळलं आणि अलगद वर घेतलं. मूळ न तुटता. इतक्या वर्षांनी तिची बोटं चुकली नाहीत. मामांनी घमेलं पुढे धरलं. अकरा झाडं तिनेच काढली.

मग ती खुरटलेल्या ज्वारीकडे पाहत म्हणाली, "आता तरी हिला काहीतरी घाला."

"आज घालतो."

परतताना ती वाफ्यांमधून सावकाश चालत होती. दर पाटीपाशी थांबत होती. "आणि हे काय?" "हे कशावर येतं?" मामा सांगत होते, आधी चाचरत, मग भरभरून. जमिनीवर पसरलेल्या, बारक्या पिवळ्या फुलांच्या एका वेलीपाशी ती थबकली. पाटीवर 'गोखरू' लिहिलं होतं.

"आमच्याकडे याला सराटा म्हणायचे," ती म्हणाली. "पायात मोडला की कळतं."

मामांनी खिशातून पेन्सिल काढली, उकिडवे बसले आणि पाटीवर, छापील नावाच्या खाली, तिने सांगितलं तसं लिहू लागले.