लांडग्यासाठी लावलेला कॅमेरा

वन्यजीव संवर्धनाच्या एमएस्सीसाठी मी तलवाड्याच्या माळावर लांडग्यांकरता कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. पंधरा दिवसांनी बघते तर दोनशे फोटोंत आमचे आश्रुबाकाका. कधी फेटा बांधून, कधी गॉगल लावून, कधी मोबाइल कानाला धरून.

"काका, हे काय?"

"वाढदिवसाचं फ्लेक्स करायचंय. तुझा कॅमेरा नुसताच बसून हाय."

मी रागारागात फोटो पुसत शेवटच्यावर आले. काकांच्या मागे, दहा पावलांवर, लांडगा उभा होता.

"काका, तुमच्या मागं लांडगा होता."

काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"मग ऱ्हाऊ दे त्याला," ते म्हणाले. "शुभेच्छुकात टाकू."