मीटरवाल्यांची बचत

मीटरवाल्यांनी अकरा वर्षांत जेवढे पैसे वाचवले होते, तेवढे त्यांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत कमावलेही नव्हते. ही थाप नाही, वहीत तसं लिहिलेलं होतं. रीत सोपी होती. वस्तू नवी घेतली असती तर केवढ्याला पडली असती ते पहिल्या रकान्यात, आपण जुनी केवढ्याला आणली ते दुसऱ्यात, आणि दोहोंतला फरक तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर 'बचत' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. म्हणजे वस्तू जितकी महाग आणि जितकी बिनकामाची, तितकी बचत जास्त. आठ माणसांचं जेवणाचं टेबल आणलं त्या महिन्यात दोन माणसांच्या या घराने पगाराच्या अडीचपट बचत केली होती.

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने ती वही एकदाच उघडली, शेवटच्या पानावरची बेरीज पाहिली आणि विचारलं, "अहो, मग हे पैसे आहेत कुठे?"

"वाचवले ना."

"ते कळलं. ठेवलेत कुठे?"

मीटरवाले म्हणाले की तुला व्यवहार कळत नाही. ती म्हणाली, असेल तसंही, आणि पेपर तपासायला बसली.

त्यांचं काम घरोघर जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपून आणायचं. आता मीटर कुठे असतो? जिन्याखाली, दारामागे, बोळात. म्हणजे लोक नको असलेलं सामान जिथे ढकलतात नेमकं तिथेच. सामान बाजूला केल्याशिवाय मीटर दिसत नाही, आणि सामान हातात आलं की मीटरवाल्यांचा पाय निघत नाही. आधी नाक मुरडायचं. मग काय काय बिघडलंय ते एकेक करून मालकाच्याच तोंडून वदवून घ्यायचं. भाव सांगितला की निम्मा बोलायचा, दारापर्यंत जायचं, आणि चप्पल घालताना मागे न बघता म्हणायचं, "घरपोच देणार असाल तर बघतो." सांगितलेल्या भावाला त्यांनी जन्मात कधी हो म्हटलं नव्हतं. डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर ते सातांवर तोडायचे.

फ्रिजचंच घ्या. नव्याच्या चौथ्या हिश्शात आला. त्याचं दार लागत नव्हतं म्हणून रबर बदललं. मग तो गळायला लागला म्हणून मेकॅनिक तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा तो पैसे न घेता नुसता चहा पिऊन गेला, कारण त्यालाही वाईट वाटायला लागलं होतं. खात्याच्या नियमाप्रमाणे स्वतःच्या गल्लीतले मीटर स्वतः बघता येत नाहीत, त्यामुळे घरचा आकडा एक सहकारी टिपायचा. त्याने एक दिवस बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात पिठाची गिरणी टाकली का हो?" वहीत मात्र फ्रिजची बचत तशीच होती. दुरुस्तीसाठी रकाना नव्हता आणि विजेच्या बिलासाठी तर नव्हताच.

असं करत करत मागची खोली भरली. बिनदाराचं कपाट होतं आणि दुसरीकडून आणलेलं एक कपाटाचं दार होतं, दोघांची मापं वेगळी. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची होती, ती वर जायची, खाली यायची नाही. भिंतीवरची अकरा घड्याळं होती. घडी घालून ठेवायच्या खुर्च्या होत्या, त्यांतल्या काही आपणहून घडी व्हायच्या. खोलीचा दिवा लावायचा तर टेबलाखालून रांगत जावं लागायचं, म्हणून दोन वर्षं तो कुणी लावलाच नव्हता.

आणि एक दिवस दादाचा फोन आला.

दादा म्हणजे मीटरवाल्यांचा थोरला भाऊ. आई त्याच्याकडे राहायची. आता दादा आणि वहिनी मुलाकडे दुसऱ्या गावी कायमचे निघाले होते, आणि मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे चार पायऱ्यांनंतर बसा म्हणायचे. "तुझं घर तळमजल्यावर आहे," दादा म्हणाला. "एक तारखेच्या आत काय ते ठरवू. रविवारी या दोघं."

फोन ठेवेपर्यंत बायकोचं ठरलंही होतं. "आई आल्या तर मला आवडेल," ती म्हणाली. "या घरात माझ्याशी बोलणारं कुणीतरी येईल. खोली तेवढी रिकामी करा." मीटरवाल्यांनाही आई यायला हवीच होती. आई घरात असली की काय होतं, हे ते नोकरीसाठी वेगळं राहिल्यापासूनच्या चोवीस वर्षांतही विसरले नव्हते. पण हवं असलेलं तोंडावर दाखवायचं नाही, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय.

रविवारी दादाच्या घरी चहा झाला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत उशीच्या अभ्र्याला बटण लावत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं असं सगळेच धरून चालायचे आणि तीही कधी कुणाला चुकीचं ठरवायची नाही.

"मग, नेतोस ना आईला?" दादाने सरळ विचारलं.

इथे हो म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण मीटरवाल्यांनी कप खाली ठेवला आणि छताकडे बघितलं.

"गुडघे दोन्ही गेलेत ना?"

"डावा जास्त."

"म्हणजे रात्री उठवावं लागत असणार. ऐकू पण येत नाही."

"मशीन आहे की. बॅटरी लागते फक्त."

"बॅटरी लागतेच का," मीटरवाले मान हलवत म्हणाले. "गोळ्या किती?"

"सकाळी चार, रात्री तीन."

"सात!" आणि त्यांनी बायकोकडे असं बघितलं, जणू सहा असत्या तर विचार करता आला असता. बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला. त्यांच्या अंगात आलं होतं, आता ते थांबणार नव्हते. खोली लहान आहे, बायको दिवसभर शाळेत, आपली नोकरी फिरतीची, असं सगळं सांगून ते उठले. दारापर्यंत गेले. चप्पल घातली.

"गोळ्यांचं मी बघतो," मागून दादा म्हणाला.

"आणि बॅटरी?"

"बॅटरी पण."

"पलंग तिचाच येईल ना? आणि आणून सोडायचं तुम्ही."

"अरे, सोडतो बाबा," दादा थकून म्हणाला. तो बिचारा निवृत्त पोस्टमन, त्याला फक्त पोचवायचं ठाऊक होतं, भाव करायचं नाही.

"मग आणा," मीटरवाले म्हणाले. अंगणातून बाहेर पडताना ते शीळ घालत होते. गोळ्या, बॅटरी, पलंग, वाहतूक. इतका चांगला सौदा वर्षभरात झाला नव्हता.

बसथांब्यापर्यंत बायको त्यांच्या पुढे चालत गेली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "तुम्ही गुडघे म्हणालात ना, तेव्हा आईंनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली."

"थंडी असेल."

"सात गोळ्या म्हणालात तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली. नंतर उचललीच नाही."

बस आली, लोक चढले, बस गेली. मीटरवाले तिथेच उभे होते. आपण काय केलं ते त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकदम कळलं, आणि शरमेने कान गरम झाले. आपल्या आईत काय काय बिघडलंय ते त्यांनी तिच्यासमोर मोजलं होतं. पुन्हा मागे जावं, तिच्या पायाशी बसावं, असं फार वाटलं. पण पुढच्या बसने दोघं घरी आली.

घरी येताच त्यांनी खोली रिकामी करायला काढली. तोंडाने माफी मागता येत नाही अशी माणसं हातांनी काहीतरी करत बसतात. त्यांनी फलक लावला, ओळखीच्यांना सांगितलं, आणि ठरवलं की येईल त्या भावाला द्यायचं. इथे नवीनच अडचण आली. गिऱ्हाईक टेबलाचा भाव बोलायचं, मीटरवाले लगेच हो म्हणायचे, आणि गिऱ्हाईक सावध होऊन टेबलाखाली वाकून बघायचं. "इतक्या पटकन हो म्हणता, म्हणजे काहीतरी खोट असणार," असं म्हणून तिघं परत गेले. मग मीटरवाल्यांनी 'फुकट न्या' अशी पाटी लावली. ती वाचून लोक पलीकडच्या बाजूने जायला लागले.

शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने खोलीभर नजर फिरवली, न्हाव्याच्या खुर्चीवर बसून बघितलं, ती त्याला घेऊन वर गेली. उडी मारून उतरल्यावर त्याने आकडा सांगितला.

"एवढे देणार?" मीटरवाले म्हणाले.

"देणार नाही साहेब, घेणार. दोन खेपा आहेत."

मीटरवाल्यांनी मोजून दिले. संध्याकाळी खोली रिकामी होती. दिवा लावला तर खोलीला खिडकी आहे हे दोघांनाही नव्याने कळलं. बायकोने फरशी पुसली, मीटरवाल्यांनी भिंतीला चुना दिला, आणि पलंग कुठे ठेवायचा, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून उशी कुठल्या बाजूला, हे सगळं फरशीवर खडूने आखून ठेवलं. एक तारखेला तीन दिवस होते.

त्याच रात्री जेवताना दादाचा फोन आला. आईने परस्पर व्यवस्था केली होती. गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथे तळमजल्यावर खोली घेतली. त्यासाठी पलंग, कपाट आणि शिवणयंत्र कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याला विकलं, शिवाय पोस्टातले साठवलेले पैसे काढले आणि सहा महिन्यांचे आगाऊ भरून टाकले. सकाळीच ती तिकडे गेली.

मीटरवाल्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "पलंगाचा भाव केला का तिने?"

दादा म्हणाला, "नाही केला. त्याने सांगितला तेवढ्याला दिला. म्हणाली, मला आता घासाघीस ऐकायची नाही."

बायको ताटावरून उठून गेली. मीटरवाले बसून राहिले. त्यांनी त्या दिवशी वही उघडली नाही, आणि नंतरही कधी उघडली नाही.

रविवारी ते एकटेच गेले. आश्रमातली खोली छोटी होती. लोखंडी कॉट, स्टूल, पाण्याचं भांडं. कॉटवर गादी कोरी करकरीत, आणि तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा आईने काढलेलं नव्हतं. ती हलली की ते कुरकुरायचं.

"नवी आहे," आई म्हणाली. "बस, बस. बसून बघ."

ते बसले. काय बोलायचं ते येताना चार वेळा घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. "आई, चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि त्यांना रडू आलं. पन्नाशीचा माणूस प्लास्टिकवर बसून रडला तर आवाज जास्त होतो. बाहेरून एक आजी डोकावून गेल्या.

आईने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "दादाचे जुने शर्ट तुला घालायचे. वह्यासुद्धा त्याच्याच वह्यांची उरलेली कोरी पानं फाडून शिवलेल्या. मला वाटायचं, पोराला वाईट वाटत असेल. नवं परवडत नव्हतं म्हणून करत होते रे. तुला त्यातच मजा वाटायला लागेल असं मला कुठे ठाऊक होतं?"

"घरी चल. खोली रिकामी केली."

"अगदी सगळी?"

"सगळी. चुना दिला."

"सामानाचे किती आले?"

"आले नाहीत. भंगारवाल्याला द्यावे लागले."

आई हसली. एवढी हसली की डोळे पुसावे लागले. "मी सहा महिन्यांचे भरलेत," ती म्हणाली. "ते परत मिळत नाहीत."

"जाऊ दे ते पैसे."

आईने हसणं थांबवलं आणि हात लांब करून त्यांच्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता. तिने हात काढला नाही, तिथेच ठेवला.

"पैसे जाऊ दे म्हणालास, मला बरं वाटलं," ती म्हणाली. "पण माझा विश्वास बसत नाही रे. मला भीती वाटते. मी येईन, दोन महिने तू नीट वागशील, मग कुणाच्या तरी जिन्याखाली तुला काहीतरी स्वस्तात दिसेल, आणि एक दिवस माझ्या पलंगाशी एक कपाट येऊन उभं राहील. तेव्हा सहा महिने ती खोली रिकामी ठेवून दाखव. एक खुर्चीसुद्धा नको. मग मी येते."

मीटरवाल्यांनी डोळे पुसले. सहा महिने फार होते. आईचं वय एक्याऐंशी होतं. 'चार' हा आकडा त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आला होता.

त्यांनी तो गिळला आणि हो म्हटलं.