पाचातले दोन पेपर

लहानपणी मोठ्या भावाने तिचं नाव ‘चौकशी’ ठेवलं आणि लग्नानंतर ते तिच्या मागोमाग सासरीही आलं. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे बघायला तिने एकदा दुधाच्या पातेल्याशेजारी मोबाइल उभा करून चित्रण केलं होतं. विझतो. एवढं कळल्यावर तिला दिवसभर बरं वाटत होतं.

चौकशी एका विमा कंपनीत हेल्पडेस्कवर होती. चार मजल्यांवर कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन तिच्याकडे. पासवर्ड विसरला, प्रिंटर कागद खातोय, माऊस हलत नाही. तिच्याने होईल ते ती करायची, बाकीचं ‘वरच्यांकडे’ पाठवायची. वरच्यांनी ते कसं सोडवलं, हे मात्र तिला कधीच कळायचं नाही. सिनेमातून मध्यंतरातच उठून यावं, तसं दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं. म्हणून तर तिने सर्टिफिकेटचा ध्यास घेतला. ते हाती आलं की दुसरीकडे वरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. सक्तीचे पेपर सुटले होते. आता पाच ऐच्छिक विषयांतले दोन निवडायचे होते: नेटवर्क, सुरक्षा, क्लाउड, डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंग.

जेवताना विषय निघाला.

“वहिनी, डोळे मिटून क्लाउड घ्या,” सॉफ्टवेअर कंपनीत असलेला धाकटा दीर म्हणाला. “कुठलीही जाहिरात उघडा, क्लाउडवालेच हवे असतात.”

“आणि दुसरा?”

“दुसरा काहीही घ्या हो. दुसऱ्याला कोण विचारतो?”

“तू दुसराच आहेस रे,” सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याचं मत सुरक्षेच्या बाजूने पडलं. “जगात चोर आहेत तोवर ही नोकरी आहे,” तो म्हणाला. सासूबाईंनी पाचही पुस्तकं एकेक करून हातावर तोलली आणि डेटाबेसचं पुढे सरकवलं. “हे बारीक आहे. हे घे.”

चौकशीने पाचही पुस्तकांचं पहिलं प्रकरण वाचलं आणि पंचाईत वाढली. कारण पाचही आवडली. सोमवारी ती सुरक्षेच्या प्रेमात होती, बुधवारी प्रोग्रॅमिंगच्या. दिराने कपाळाला हात लावला. “वहिनी, एक ना धड भाराभर चिंध्या होतील!” तिलाही ते पटत होतं. पण मन मारून आवडलेलं टाकून द्यायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

त्याच सुमारास ऑफिसच्या दुसऱ्या मजल्याला एक विचित्र दुखणं जडलं. मधूनच एखाद्या दुपारी तिथलं नेटवर्क बसायचं. एकाचं नाही, अख्ख्या मजल्याचं. चौकशीचा फोन खणखणायचा, ती वर कळवायची, मग नेटवर्क इंजिनिअर लांब लांब टांगा टाकत यायचा, वायरींचा डबा बंद करून चालू करायचा, इकडेतिकडे चारदोन वायरी उपटून लागतील तेवढ्याच पुन्हा लावायचा. गाडी रुळावर यायची. का बिघडलं, कसं सुधारलं, कुणालाच ठाऊक नाही. इंजिनिअर म्हणायचा, “डबा जुना झालाय.” पण डबा तर याच वर्षी बसवलेला होता.

एकदा असाच गोंधळ निस्तरल्यावर चौकशीने दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाईंना सहज विचारलं, “आज तुमच्याकडे वेगळं काही झालं का?”

“वेगळं काय? नेहमीची मीटिंग. मेली संपता संपत नव्हती.”

मागच्या वेळी? तेव्हाही मीटिंग होती. त्याच्या मागच्या वेळी? बाईंना आठवेना, पण त्यांच्या शेजारच्याला आठवलं. होती.

झालं. पुढच्या मीटिंगच्या दिवशी चौकशी आपला फोन सहकाऱ्याच्या गळ्यात घालून दुसऱ्या मजल्यावर गेली आणि मीटिंगच्या खोलीबाहेर पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली. ती इतकं पाणी प्यायली की तहान हा शब्दही नकोसा झाला. शेवटी माणसं जांभया देत बाहेर पडली. मागोमाग साहेबांची सेक्रेटरी आत शिरली. ही बाई स्वभावाने इतकी नीटनेटकी, की दुसऱ्याच्या टेबलावरचं पेनसुद्धा सरळ करून ठेवायची. तिने खुर्च्या आत ढकलल्या, फळा पुसला, ग्लास गोळा केले. मग खाली वाकून कुणीतरी लॅपटॉपला लावून तशीच सोडलेली वायर उचलली आणि तिचं लोंबतं टोक भिंतीतल्या रिकाम्या खाचेत बसवून टाकलं.

“हे कशाला?” चौकशीने दारातूनच विचारलं.

“लोंबत राहिली की पायात येते गं.”

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “गेलं! पुन्हा गेलं!”

चौकशी टेबलाखाली शिरली. त्या वायरीची दोन्ही टोकं भिंतीतच होती, शेजारशेजारच्या खाचांत. वायर भिंतीतून निघून भिंतीतच जात होती. तिने एक टोक ओढलं. जरा वेळाने बाहेरून कुणीतरी म्हणालं, “आलं वाटतं.”

इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. चौकशीने टोक पुन्हा आत घातलं.

“गेलं!” बाहेर बोंब उठली.

तिने टोक काढलं. ती टेबलाखालीच बसून हसत होती, तोच दारात इंजिनिअर येऊन उभा राहिला. तिने सगळं सांगितलं, पुन्हा लावून पाहिल्याचंसुद्धा.

“मुद्दाम लावलीत?” तो भडकला. “बाहेर माणसं कामं करताहेत, मॅडम. कुणाचे फॉर्म अर्ध्यात गेले असतील. नुसतं बघायचं म्हणून?”

चौकशीचं हसू मावळलं. हा विचार तिच्या मनालाही शिवला नव्हता. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारून करायला हवं होतं.”

सेक्रेटरीचा तर चेहराच उतरला होता. “म्हणजे इतके दिवस हे मी करत होते?”

“तुम्ही फक्त आवराआवर केलीत,” इंजिनिअर जरा नरमून म्हणाला.

“पण सर,” चौकशीला राहवेना, “एका वायरीने अख्खा मजला का बसावा?”

त्याने सुस्कारा सोडला, पण नुकत्याच पुसलेल्या फळ्याकडे वळून पेनाचं टोपण उघडून एक वर्तुळ काढलं. “एकाने सगळ्यांना निरोप दिला. या वायरीने तोच निरोप फिरून पुन्हा त्याच्याकडे आला. आपलाच आहे हे त्याला ओळखू येत नाही. तो परत सगळ्यांना देतो. असं सुरूच राहतं. मग खऱ्या कामाच्या निरोपांना जागाच उरत नाही.”

“अफवेसारखं?”

“अफवा कधीतरी दमते. हा दमत नाही.”

“मग चौथ्या मजल्यावरही मीटिंगची खोली आहे. तिथे का होत नाही?”

त्याने फळ्यावरच्या वर्तुळाकडे पाहिलं. “तिथे हे थांबवणारी सेटिंग चालू आहे,” तो हळूच म्हणाला. “इथला डबा नवा बसवला तेव्हा ती करायची राहिली.” मग तिच्याकडे वळून, “माझ्याकडूनच.”

संध्याकाळच्या आत सेटिंग झाली. साहेबांनी चौकशीला बोलावून आधी समज दिली आणि मग, जाता जाता, नेमकं काय झालं होतं ते दोनदा विचारून घेतलं.

घरी आल्यावर तिने दिराला सांगून टाकलं, “भाऊजी, क्लाउड घेते. तुमच्या जाहिराती खोट्या नाहीत, आणि मला नोकरी बदलायचीच आहे. पण दुसरं नेटवर्क.”

“आजच्या एका वायरीवरून?”

“ती वायर आठवून अजून हसू येतंय. बाकीच्या पुस्तकांतलं काय आठवतंय ते बघते, तर काही नाही.”

दिराने हात टेकले. सासूबाईंनी नेटवर्कचं पुस्तक पुन्हा तोललं आणि “वीट आहे वीट” एवढंच बोलल्या.

पुढे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. क्लाउड तिने पोटापाण्यासाठी घेतला होता, पण तोच गोडी लावून गेला आणि चांगल्या गुणांनी सुटला. नेटवर्कमध्ये मात्र कॉम्प्युटरांच्या पत्त्यांच्या आकडेमोडीची प्रकरणं निघाली, ती वाचताना तिला चक्क झोप यायची. ती नापास झाली. तोंड लपवत इंजिनिअरकडे गेली, तर तो म्हणाला, “मीही पहिल्यांदा उडालो होतो, याच प्रकरणात.” मग जेवणाच्या सुट्टीत त्याने तिच्याकडून ती आकडेमोड घोटून घेतली. दुसऱ्या खेपेला ती काठावर का होईना, पास झाली.

एका बँकेच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, “नेटवर्कमध्ये आधी नापास झाला होतात. तरी पुन्हा तोच पेपर? विषय बदलता आला असता.”

“आला असता,” चौकशी म्हणाली, “पण मग मला काय समजलं नव्हतं, ते कधीच कळलं नसतं.”

बाईंनी शेजारच्याकडे पाहिलं. “तुम्हाला काही विचारायचंय आम्हाला?”

चौकशीने विचारायला सुरुवात केली. शाखा किती, त्या एकमेकींना जोडल्यात कशा, एक बंद पडली तर बाकीच्यांना कळतं कसं. ती बोलत राहिली आणि बाहेर बसलेल्या पुढच्या उमेदवाराने दोनदा घड्याळ पाहिलं.

नोकरी मिळाली, आधी सहा महिन्यांच्या बोलीवर. शाखांच्या जोडण्या बघणाऱ्या चमूत. नव्या जागी पहिल्याच सकाळी एका दूरच्या शाखेचा फोन आला. पलीकडचा माणूस घायकुतीला येऊन म्हणाला, “काहीच चालत नाही हो!”

चौकशीने खुर्ची पुढे ओढली. आता हे पाठवायला वर कुणी नव्हतं.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “सकाळी ऑफिस उघडल्यापासून काय काय झालं, ते सगळं सांगा. मला घाई नाही.”