दुप्पट व्होल्ट

जाफराबादच्या तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सत्यशीलानं फळ्यावर आकडा लिहिला आणि तिचा खडू तिथंच थांबला. नऊ ज्यूल.

तिनं पुन्हा मांडून पाहिलं. व्होल्टचा वर्ग, गुणिले कॅपॅसिटर, भागिले दोन. पुन्हा नऊच.

वर्गाला दाखवायला तिनं स्वतःचंच सर्किट घेतलं होतं. पिंपळगाव रेणुकाईत तिच्या भावानं, कल्याणनं, मक्याला तारेचं कुंपण केलं होतं. त्या तारेत झटका सोडणारी पेटी तिनंच करून दिलेली. झटका सव्वादोन ज्यूलचा. पाचाच्या वर तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून तेव्हा कागदावर सगळं तपासलेलं. पण रानडुकरं जुमानेनात. गेल्या रविवारी कल्याणच्या सांगण्यावरून तिनं घाईत तीनशे व्होल्टचे सहाशे केले. व्होल्ट दुप्पट तर झटका दुप्पट, साडेचार, असं मनातच धरलं. तो चौपट झाला होता.

ती व्हरांड्यात आली आणि तिनं कल्याणला फोन लावला. फोन आईनं, साळूबाईनं उचलला.

"माय, कल्याण कुठं हाये?"

"वावरातच हावोत दोघंबी. सकाळी कालवड गेली बग आपली. तारेत पाय अडकून पडल्ती. कल्याण म्हणतो पान लागलं. पण साप काई दिसला न्हाई."

सत्यशीलानं फोन कानाशी घट्ट धरला.

"पेटी चालू हाये?"

"हाये की. टकटक करून राह्यली. आता कालवडीचा पाय सोडवाया चाललाय कल्याण."

"त्याला थांबव. तारेला शिवू नका कुणी. आधी पेटी बंद करा, जल्दी."

आईची हाक ऐकू आली, मग नुसता वारा.

"केली बंद," साळूबाई म्हणाली. "हात लावणारच व्हता तो. काय झालं गं?"

तिला फोनवर सांगवेना. दुपारच्या जीपनं ती गावी गेली. कालवड अजून कुंपणापाशीच होती. साळूबाई तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती.

"सापच व्हता ना?" कल्याणनं विचारलं.

"न्हाई. माझ्या पेटीनं मेली ती."

"तुझं गणित चुकलं?"

"गणित केलंच न्हाई या टायमाला."

कल्याणनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. सत्यशीला पेटी उघडायला बसली, पण पेचकस स्क्रूवरून पुन्हा पुन्हा घसरला. शेवटी कल्याणनंच तो तिच्या हातातून घेतला.