अंबुबाईंचं नाव घेऊन

प्याला अंबुबाईंच्या ओठांपर्यंत गेला आणि ओठांना न लागताच खाली आला. त्यांनी पदराने तोंड टिपलं, जणू घोट घेतलाच, आणि प्याला शेजारणीच्या हाती दिला.

बायांत हे फक्त गोजाबाईने पाहिलं. तिच्याच हातून तो प्याला पुढे गेला होता.

एरवी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या नावाने भाकर मोडून एकाच प्याल्यातून सगळ्यांनी पिण्याच्या, रविवारी प्याला पुढून मागे यायचा. पुढच्या सतरंजीवर ख्रिस्ती मंडळीचे पंच चनबसप्पा यांची बायको अंबुबाई, मास्तरांच्या बायका आणि दवाखान्यातली नर्स. मागे दाराकडे गिरणीतल्या बाया. प्याला मागे येईपर्यंत पुढच्यांचं पिऊन झालेलं असायचं, त्यामुळे कुणाचं काही उघडं पडत नसे. पण मंडळीचे धर्मगुरू म्हणून नगरहून नव्याने आलेल्या रावजी पाळकांनी त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, प्याला मागून फिरवायला सुरुवात केली. अंबुबाईंनी वळून तो गिरणीतल्या बायांत सगळ्यात पुढे बसलेल्या गोजाबाईच्या हातून घेतला. तोंड वळलेलं होतं, म्हणूनच दिसलं.

शेवटची प्रार्थना गोजाबाईच्या कानात शिरलीच नाही. लोक चपला शोधत बाहेर पडू लागले, तशी ती गर्दीतून वाट काढत अंबुबाईंसमोर उभी राहिली.

"तुमी प्याला न्हाईत."

"काय बोलतेस?" अंबुबाई थबकल्या.

"प्याला तोंडाला लावलाच न्हाई. माझं ओठ लागलं व्हतं म्हनून. खरं का न्हाय?"

"हळू बोल. देवाचं घर आहे हे. मांगवाड्यातली चावडी नव्हे."

चपला शोधणारे लोक जागीच थांबले. अंबुबाई पुढे निघाल्या. गोजाबाईने त्यांचा हात धरून मागे ओढला. धरायचा होता की ओढायचा होता, ते तिलाही सांगता आलं नसतं. बांगड्या फुटल्या आणि अंबुबाईंच्या मनगटातून रक्त आलं. मग कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी गोजाबाईला मागे खेचलं, आणि तिच्या तोंडून जे शब्द गेले ते तिने माहेर सुटल्यापासून उच्चारले नव्हते.

गोजाबाईचं माहेर करकंबचं. गावात तिने देऊळ पाहिलं ते वेशीबाहेरून, आणि पाणी प्याली ते वरून ओतलेलं. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, गुंडाबरोबर, सोलापुरात आली, दोघं गिरणीला लागली. शेजारणीच्या नादाने एकदा ती या प्रार्थनामंदिरात येऊन मागे बसली. त्या दिवशी प्रवचनातलं तिला ओ की ठो कळलं नाही. पण एकच प्याला एका बाईच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाताना तिने पाहिला, आणि ती घरी जाऊन गुंडाला म्हणाली, "तितं समदी एकाच भांड्यानं पित्यात." शास्त्र तिला पुढे समजलं. फावल्या वेळी बोट ठेवून ठेवून ती वाचायलाही शिकली. पण तिचा ख्रिस्ती धर्म त्या प्याल्यापासून सुरू झाला होता. बाप्तिस्मा झाला, दिराने घर तोडलं, सासूच्या मातीलाही त्यांना जाऊ दिलं नाही. हे सगळं तिने त्या एका गोष्टीसाठी सोसलं होतं.

आठवड्याभराने पंच बसले. चनबसप्पा मधोमध, डोक्याला रुमाल, हातात काठी. माणूस तसा वाईट नव्हता. मंदिराच्या भिंती रचल्या जात होत्या तेव्हा त्यांनी स्वतः दगड वाहिले होते. शेजारी रावजी पाळक मान खाली घालून.

"हात उचललास, शिव्या दिल्यास," चनबसप्पा म्हणाले. "कबूल?"

"हात वडला. कबूल. बांगड्या फुटल्या, रगत आलं, त्याची माफी मागते," गोजाबाई म्हणाली. "आता प्याल्याचं बोला."

"कुठला प्याला?"

"अंबुबाईस्नी इचारा की."

"तुझ्याशिवाय कुणी पाहिलं?"

गोजाबाईने पाळकांकडे बघितलं. प्याला फिरत असताना पाळक समोरच उभे होते. ते सतरंजीच्या दशा पाहत राहिले.

"तिच्यावर खोटा आळ घेतलास, त्याचीही माफी मागावी लागेल," चनबसप्पा म्हणाले. "भर मंडळीत. तोवर तुला प्रभुभोजन नाही."

"खोटं बोलून जेवाय बसू व्हय?" गोजाबाई म्हणाली आणि उठून आली.

घरी गुंडा वैतागला. "माग की माफी. जिबेला काय हाड हाय का? दोन शबुद बोलायचं अन् मोकळं व्हायचं. भाऊबंद तुटलं, आता ही माणसंबी तोडतीस?"

"मी न्हाई तोडलं."

"मग कुनी?"

ती चुलीपुढे जाऊन बसली.

बातमी गिरणीत पोचायला वेळ लागला नाही. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात तिच्या शेजारी शिवबाई काम करायची. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागे, त्यामुळे शिवबाईचं बोलणं आठ-दहा जणींना ऐकू गेलं.

"काय ग गोजे, देव बदललास न्हवं? मग आता तितंबी भाईरच का?"

बाया हसल्या. गोजाबाईच्या हातातला धागा तुटला. तिने तो पुन्हा जोडला. शिवबाईचं काही खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

पुढच्या प्रभुभोजनाला ती गेली. प्रार्थना झाली, गीत झालं. भाकर मोडायची वेळ आली तशी ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. कुणी तिला उठ म्हटलं नव्हतं. पण कुणी उठवायच्या आत आपण उठावं, एवढं तिच्या हाती होतं. पुढच्या वेळीही तेच. लोकांनी मान वळवून बघायचं सोडून दिलं. हळूहळू ती पायरी तिचीच झाली.

बुधवारी संध्याकाळी रावजी पाळक बायांना शिकवण द्यायचे. ख्रिस्ती माणसाने आत्म्यात वाढावं कसं, हा त्या दिवसांतला विषय. एका बुधवारी ते म्हणाले, "ज्याच्याविषयी मनात अढी आहे, त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा. मोघम नाही. नाव घेऊन."

पुढे बसलेल्या अंबुबाईंची पाठ ताठ झाली. मागे गोजाबाईने ओठ चावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याच्या आधी तिने चुलीपुढे डोळे मिटले. "देवा, अंबुबाई," ती म्हणाली, आणि पुढचं आपोआप आलं. "तिचं वाटोळं कर. तिच्या तोंडाला फोड येऊ दे." डोळे उघडून तिने भाकरी थापायला घेतली. तिला फार बरं वाटलं.

बरेच दिवस हेच चाललं. अंबुबाईंचं नाव आणि पुढे शाप. एकदा ती म्हणाली, "देवा, तिला तहान लागू दे. लई तहान लागू दे, अन् पानी फकस्त माझ्या घरात असू दे." त्या दिवशी तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मागोमाग भीतीही वाटली. बुधवारी शिकवण संपल्यावर ती पाळकांपाशी थांबली.

"नाव घेती मी. पन वंगाळच येतंय तोंडात. चालतंय का?"

पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं. "देवाला खोटं सांगू नका," ते म्हणाले. "बाकी तो बघेल."

"तुमी बघितलं व्हतं न्हवं? त्या दिशी. प्याला."

पाळकांचा चेहरा लाल झाला. "हो," ते म्हणाले. "मी इथे नवा आहे, गोजाबाई."

"मी जुनी हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

पण नाव घेणं सुटलं नाही. आणि एक गोष्ट होऊ लागली, ती तिला मुळीच नको होती. रोज एका माणसाचं नाव घेतलं की ते माणूस डोळ्यांसमोर येऊन बसतं. अंबुबाई दळताना दिसायच्या, केस विंचरताना दिसायच्या. आणि प्रत्येक वेळी तो प्याला ओठांपर्यंत येऊन खाली जायचा. रागाच्या भरात आजवर न दिसलेलं गोजाबाईला आता दिसायला लागलं. त्या वेळी अंबुबाईंचा हात थरथरत होता. तोऱ्याने नाकारणाऱ्या माणसाचा हात थरथरत नाही. तिच्या प्रार्थनेतला शाप आटत गेला आणि त्याच्या जागी राग आला, कोरडा, विचारणारा. "देवा, ह्या बाईला झालंय तरी काय?"

देव काही बोलला नाही. तेव्हा गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, गोजाबाई स्वतःच उठून भवानी पेठेत चनबसप्पांच्या घरी गेली.

अंबुबाई परसात शेंगा फोडत होत्या. मनगटावर पांढरा व्रण होता. गोजाबाईला पाहून त्यांनी सूप जवळ ओढलं.

"माफी मागायला आलीस?"

"न्हाई. इचाराय आले. त्या दिशी तुमचा हात का कापत व्हता?"

अंबुबाईंनी सुपात हात घातला. एक शेंग फोडली, दुसरी फोडली. गोजाबाई न सांगताच समोर टेकली.

"माझी आई, माझी अव्वा, अक्कलकोटला," अंबुबाई सुपाकडे बघतच म्हणाल्या. "आम्ही लिंगायत वाणी. बाप्तिस्मा घेतला तेव्हा बापाने दार लावून घेतलं. अव्वा मरायला टेकली म्हणून कळलं, तेव्हा गेले. मला अंगणातच बसवलं. उन्हातून गेले होते, पाणी मागितलं. भावजयीने वरून ओतलं माझ्या ओंजळीत. अव्वा आतून बघत होती. माझीच अव्वा. काही बोलली नाही."

"मग तुमास्नी ठावं हाय की," गोजाबाई म्हणाली.

"ठाऊक असून काय होतं?" अंबुबाईंचा आवाज चढला. "सगळं सोडलं मी. माहेर, देव, गळ्यातलं लिंग, सगळं. हे एक सुटत नाही. प्याला पुढून येवो की मागून, दर वेळी ठरवून जाते की आज प्यायचं. आणि घसा मिटतो. तुला वाटतं, मला लाज नाही?"

"आमी जलमभर वरनं वतल्यालं पानी प्यालो. आमचा घसा न्हाई मिटला."

"मग काय करू मी? सांग ना."

"मंडळीत सांगा. आपल्या तोंडानं."

"नाही सांगणार. ह्यांचं नाव मातीत जाईल."

"माझं गेलं की."

अंबुबाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. गोजाबाई उठली. तिला वाटलं होतं की सगळं ऐकल्यावर मन निवळेल. निवळलं नव्हतं. उलट या बाईचं दुःख कळल्यामुळे आता तिला धड शापही देता येणार नव्हता, याचाच तिला संताप आला.

"एक करा," ती म्हणाली. "पिववत न्हाई तर पिऊ नगा. पन तोंड टिपू नगा. ते खोटं टिपनं तेवढं सोडा."

"चालती हो," अंबुबाई म्हणाल्या.

एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला त्या घरात कुणी पाणी विचारलं नाही. गोजाबाईनेही मागितलं नाही.

पुढचं प्रभुभोजन चैत्रातल्या रविवारी आलं. गोजाबाई नेहमीप्रमाणे वेळ झाल्यावर उठून पायरीवर आली. ऊन भिंतीला भिडलं होतं. सावलीची हातभर पट्टी काय ती उरली होती, तिच्यात ती अंग चोरून बसली. आत रावजी पाळकांचा आवाज आला, मग तो मधेच अडखळला. कुणीतरी सतरंजीवरून चालत होतं.

अंबुबाई दारात आल्या. मागून चनबसप्पांचा दबका आवाज आला, "ए, कुठं निघालीस?" अंबुबाई थांबल्या नाहीत. पायरीवर आल्या आणि उन्हातच उभ्या राहिल्या.

"सरक," त्या म्हणाल्या.

गोजाबाईच्या मनात आलं, बसू दे उन्हात. मग ती सरकली. फार नाही, एक माणूस मावेल एवढीच. अंबुबाई बसल्या. दोघींच्या लुगड्यांमध्ये बोटभर फट होती, आणि ती दोघींनीही सांभाळली.

आत सगळं चिडीचूप झालं होतं. प्याला फिरत असणार. रस्त्यावरून एक टांगा गेला. अंबुबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तो पुसला नाही, पदर हातात घट्ट धरून बसल्या. गोजाबाई समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहिली. 

शेवटची प्रार्थना झाली आणि लोक बाहेर पडू लागले. सगळ्यांच्या आधी चनबसप्पा आले. त्यांनी पायरीवरच्या दोघींना पाहिलं, रुमाल सारखा केला आणि बायकोकडे न बघता फाटकातून निघून गेले. मागून आलेल्या बाया कुजबुजत बाजूने उतरल्या. रावजी पाळक दारातच थांबले. त्यांना पुढेही येववेना आणि मागेही जाववेना.

अंबुबाई नवऱ्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग उठायला लागल्या. लुगड्यात पाय अडकून तोल गेला. गोजाबाईचा हात पुढे झाला. अंबुबाईंनी तो पाहिला, आणि भिंतीला धरून उठल्या. पदर डोक्यावरून घेऊन, तापलेल्या मातीवरून, त्या एकट्याच चालू लागल्या.

गोजाबाईने हात मागे घेतला. अंबुबाई फाटकाबाहेर जाईपर्यंत ती उभी राहिली नाही. त्या गेल्यावर उठली, लुगडं झटकलं, आणि त्याच रस्त्याने, बरंच अंतर ठेवून, घराकडे निघाली.