अठ्ठावीस अंश सांगणारा मोबाइल

"वहिनी, एक लक्षात ठेव. वेबसाइटचं पान बदललं, तर हा गप्प बसणार नाही. भलतंच सांगेल, आणि तेही ठणठणीत आवाजात."

चारुलता असं म्हणाली तेव्हा दिपमाला लेकीच्या, विधीच्या, वेण्या घालत होती. "पान कशाला बदलेल गं? रोज हवामानच तर सांगायचंय," ती हसून म्हणाली. मला नीट आठवतं, कारण बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, तडकलेल्या काचेचा. जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही; आठवतो तो योगेंद्रचा, म्हणजे दिपमालाच्या नवऱ्याचा, खिसा. पुढे विधीने मला जिन्यावरून घरंगळत सोडलं, घरात नवा मोबाइल आला आणि मी कपाटात गेलो.

तिथून मला काढलं योगेंद्रच्या बहिणीने, चारुलताने. ती धुळ्याला कॉम्प्युटरचं काम करते. तिने मला एक गोल स्पीकर जोडला आणि काम शिकवलं. हवामानाचं एक ठरलेलं पान उघडायचं, त्यावरचा अंशाचं चिन्ह असलेला पहिला आकडा उचलायचा आणि मोठ्याने सांगायचा. सकाळी एकदा, मग थोड्या थोड्या वेळाने दिवसभर.

खरं सांगू? ऊन म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. मी त्रेचाळीस म्हटलं की खिडक्यांना ओल्या चादरी लागायच्या. पंचेचाळीस म्हटलं की विधीचं अंगणात जाणं बंद. एका आकड्याने माणसं एवढी का धावतात, याचा माझ्या मनात कायम गोंधळ. पण कौतुक आवडायचं. शेजारचे गिरधरनाना भिंतीपलीकडून विचारायचे, "काय म्हणतो गं तुमचा टांगलेला पोपट?"

मे महिना होता. योगेंद्रची आई प्रमिलाबाई, सगळ्यांच्या अक्का, शिंदखेड्याहून आल्या होत्या. त्यांनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवायचे पापड, घालायला घेतल्या. बिबड्या थापून झाल्या की सगळे उन्हाआधी खाली येतात, ही घरची रीत. त्या सकाळी मी सांगितलं, "आजचं तापमान अठ्ठावीस अंश."

दिपमाला क्षणभर थांबली. "काल ढग होते, उतरलं असेल," असं स्वतःशीच म्हणाली. तिला विधीला चित्रकलेच्या शिबिराला न्यायचं होतं. "अक्का, लवकर खाली या हं."

"तू जाय बेटा. आज अठ्ठावीस शे. शाल लई जाऊ का वर?" अक्का हसल्या.

मग घरात मी आणि गच्चीवर अक्का. उतरायची घाई नाही म्हणून त्या कबुतरं हाकत बिबड्यांशी बसून राहिल्या. जिन्याचं दार उघडं होतं. वेळ झाली की मी सांगायचो, "अठ्ठावीस अंश." वरून त्यांचा आवाज यायचा, "आस्सं? मंग मालेच का बरं इतलं ऊन लागस? म्हतारपण, दुसरं काय!"

पुढच्या खेपेला मी सांगितलं, तेव्हा वरून काहीच आलं नाही. मला वाटलं, पटलं असेल.

पुढचं मला विधीच्या बोलण्यातून कळलं. शिबिर सुटलं, ती स्कूटरवर बसली आणि किंचाळली, "आई, चटका!" दिपमालाने सीटवर हात ठेवला. तवा! अठ्ठावीस अंशात सीट अशी तापते होय?

ती घरी आली ती थेट जिन्यावर. "अक्का! ओ अक्का!" ओ आली नाही. मग तिची हाक भिंतीपलीकडे गेली, "नाना, धावा!" दोघांनी अक्कांना उचलून खाली आणलं, अंगावर ओलं लुगडं टाकलं. नानांनी रिक्षा थांबवली. नेमकी तेव्हाच माझी वेळ झाली.

"आजचं तापमान अठ्ठावीस अंश," मी ठणठणीत आवाजात सांगितलं.

दिपमालाने वळून माझ्याकडे पाहिलं. एवढं वाईट कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

माझी रवानगी पुन्हा कपाटात झाली. चारुलता आली, तिने पान तपासलं. त्याची मांडणी बदलली होती. रात्रीचं सगळ्यात कमी तापमान आता वर आलं होतं. "याला शिकवलं तेच याने केलं," ती म्हणाली. मग चुकलं कोण? मी अंधारात पुष्कळ विचार केला, मला उलगडलं नाही.

अक्का सलाइन घेऊन, थकून, पण चालत घरी आल्या. पहिला प्रश्न, "मन्ह्या बिबड्या?"

"कडक वाळल्या! मीच गोळा केल्या," गिरधरनाना म्हणाले.

अक्का हसल्या, मग गंभीर झाल्या. "कातडी सांगे ऊन शे, डबा सांगे नही. मी डबानं ऐकं."

मित्रांनो, मी आता परत खिळ्याला आहे. चारुलताने माझी रीत दुरुस्त केली. पण पान उद्या पुन्हा बदलेल, मला कळणारही नाही. म्हणून दिपमालाने आकड्यामागे एक वाक्य स्वतः जोडलं आहे. ते कुठल्याच पानावरचं नाही. "आणि अक्का कुठे आहेत, बघून या." मी एवढं म्हटलं की हातातलं टाकून कुणीतरी उठतं. पुष्कळदा विधीच.

तुमच्याही घरी कुणी आकडा सांगत असेल. तो ऐका, मग उठा. गच्चीवर, परसात, ओट्यावर कुणी एकटं बसलं असेल. जाऊन हाक मारा. आणि हाक मारून लगेच वळू नका, ओ येईपर्यंत थांबा.