रजनीताईंचं उद्यापन

लिफ्ट धडधाकट चालू असताना रजनीताई साळवे नऊ मजले जिन्याने का चढतात, याचा छडा लावल्याशिवाय मंदाकिनी दातारला चैन पडणार नव्हतं. बंगालमधल्या न्यू टाउनच्या त्या इमारतीत मराठी घरं दोनच, दातारांचं आणि समोरचं साळव्यांचं. त्यातलं एक असं कोड्यात वागायला लागलं, तर दुसऱ्याने स्वस्थ बसायचं कसं?

रजनीताई नगरकडच्या, ख्रिस्ती, बँकेत अधिकारी. बदली होऊन आल्या आणि समोरचा फ्लॅट त्यांनी भाड्याने घेतला. संध्याकाळी पर्स खांद्याला, चपला हातात, वळणावळणावर दम खात बाई वर येत. वजन उतरवायचं म्हणावं, तर अंगावर मूठभर मांस नाही. लिफ्टची भीती म्हणावी, तर आल्या तेव्हा खुशाल तिनेच जात-येत होत्या. मंदाकिनीने दाराच्या भिंगाला डोळा लावून नाना तर्क लढवले.

"तुला नसत्या चौकशा," तिचे यजमान प्रमोदराव म्हणाले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. नियमावलीत नसलेल्या गोष्टींचं त्यांना कुतूहल नसे.

मग एक दिवस भाजी निवडताना मंदाकिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुड फ्रायडेच्या आधी या लोकांचे उपासाचे दिवस असतात! म्हणजे हे व्रत! आणि व्रत म्हटलं की उद्यापन आलंच. तिने साजूक तुपातला शिरा केला आणि समोरची बेल वाजवली.

"रजनीताई, तुमच्या जिन्याच्या व्रताचं उद्यापन कधी हो? सवाष्ण जेवायला लागत असेल तर मी आहे."

रजनीताई आधी बघतच राहिल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "व्रत कसलं, वहिनी! मिनोती चढते, म्हणून मी चढते."

मिनोती दोघींच्याही घरी कामाला यायची. कामवाल्यांची लिफ्ट पुजोपासून, म्हणजे दुर्गापूजेपासून, बंद होती, आणि रहिवाशांच्या लिफ्टमध्ये कामवाल्यांनी पाऊल ठेवायचं नाही, असा नियम. कारण काय, तर पिशव्यांतून येणारा मासळीचा वास. मासळी घरमालकांची, ती खाणार घरमालक, वास मात्र कामवाल्यांचा! नियम प्रमोदरावांच्याच सहीचा होता.

मिनोतीला सातवा महिना लागला होता. जिने बंद कर, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. नवऱ्याचा हावड्याचा कारखाना बंद पडलेला, घरात मिळवती ती एकटी. महिनाअखेर काम सोडावं लागेल, असं ती रडत सांगून गेली होती. मंदाकिनीने तिला लिंबाचं लोणचं दिलं होतं आणि "हळू चढ गं" म्हणाली होती. तेव्हा स्वतःचंच तिला कौतुक वाटलं होतं.

"त्यात काय! उद्यापासून मी तिला माझ्याबरोबर लिफ्टने आणते," ती आता म्हणाली.

"मी आणली होती. लगेच गेटवर तिचा पास अडवला. चांगुलपणा माझा, शिक्षा तिला."

"मग तुम्ही चढून काय होतं?"

"काही नाही," रजनीताई शांतपणे म्हणाल्या. "चर्चमध्ये न्यायासाठी प्रार्थना करायची आणि घरी येऊन त्याच लिफ्टमध्ये शिरायचं, हे मला गिळवेना. म्हणून चढायला लागले. पण तिची एक पायरी तरी कमी झाली का? माझ्या मनाला बरं वाटतं, एवढंच."

"तुमचा देव लिफ्टपर्यंत येतो?" मंदाकिनीला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"येऊ नये? नुसता रविवारचा देव घेऊन मी काय करू?" रजनीताईंनी शिऱ्याची वाटी जवळ ओढली. "नियम बदलायला हवा, वहिनी. ठराव मांडायला फ्लॅटचा मालक लागतो आणि मी पडले भाडेकरू. चार दारं वाजवली, पण सेक्रेटरींचा वाकडेपणा कुणाला नको. उद्यापन कधी विचारलंत ना? ते तुमच्या हातात आहे."

मंदाकिनी घरी आली ती धुमसतच. राग रजनीताईंचा आला, नवऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त त्या लोणच्याचा आला. दातारांचा फ्लॅट तिच्या नावावर होता, हे तिच्याच फारसं लक्षात नसायचं.

सोसायटीच्या रविवारच्या सभेला ती आयुष्यात पहिल्यांदा गेली. पाणी, पार्किंग, कुत्री, सगळं झालं. "आणखी कुणाला काही मांडायचंय?" प्रमोदरावांनी इंग्रजीत विचारलं आणि कागद आवरायला घेतले.

मंदाकिनी उभी राहिली. मोडक्यातोडक्या बंगालीत तिने मिनोतीचं सांगितलं आणि लिफ्ट सगळ्यांना खुली करा, असा ठराव मांडला. प्रमोदरावांचा चेहरा पडला. एक म्हाताऱ्या मासीमा, म्हणजे मावशी, काठी टेकत उठल्या, "आमिओ राजी." मीही तयार आहे. मग एकेक हात वर जायला लागला. काही गेलेच नाहीत, पण ठराव पास झाला.

परतताना लिफ्टमध्ये दोघंच होती. प्रमोदराव दाराकडे बघत म्हणाले, "घरी बोलली असतीस तर मीच केलं असतं. चारचौघांत माझी शोभा करायची काय गरज होती?"

मंदाकिनीला त्यांची दया आली, आणि तरीही ती मागे हटली नाही.

"घरी बोलले असते, तर ती तुमची मेहेरबानी झाली असती," ती म्हणाली. "मिनोतीला मेहेरबानी नको होती."